दोन नायगावे आणि एक डास

मुंबईला मी पहिल्यांदा आलो तो १९७२ साली. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ पडला होता. आमचे गाव नायगाव, जिल्हा नांदेड. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेवरचे. दूरच्या नात्यातले एक काका मुंबईत गिरणीत नोकरीला होते. "इकडे ये, काहीतरी पाहू," असे त्यांचे पत्र आले. पत्राच्या डोक्यावर पत्ता होता : बी. डी. डी. चाळ, नायगाव, मुंबई १४. आजीला पत्र वाचून दाखवले, तशी ती म्हणाली, "मंग एवढ्या लांब कशाला जायलास रे? नायगावातून उठून नायगावातच जाऊन बसायचं, तर इथलं काय वाईट हाय?"

मी आलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच एक गंमत पाहिली. खाकी कपड्यांतला, पालिकेचा एक माणूस जिना चढून थेट गच्चीवर गेला. त्याच्या हातात लांब दांड्याचा, पळीसारखा एक डाव होता. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून त्याने डाव आत बुडविला, बाहेर काढला, उन्हाकडे धरून त्यातल्या पाण्याकडे सोनाराने गुंज पाहावी तसे निरखून पाहिले, पाणी ओतून दिले, झाकण पुन्हा घट्ट बसविले आणि वहीत काही खरडून तो चालता झाला.

"काय पाहत होता हो, काका?"

"अळी. मलेरियावाला आहे तो."

"मुंबईतसुद्धा हिवताप?"

काका हसले. "अरे, हे बेट आहे बेट! हिवतापाचं माहेरघर होतं एके काळी."

मला खरे वाटेना. हिवताप म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांचे दुखणे; नळाचे पाणी पिणाऱ्या, विजेच्या दिव्याखाली वाचणाऱ्या शहराला तो कसा होईल? पुढे नोकरी लागली, वाचनालयात जाऊन जुने अहवाल चाळण्याचा नाद लागला आणि त्या एका प्रश्नाचा मागोवा घेता घेता जी हकीगत कळली ती मोठी मनोरंजक आहे. ती आज वाचकांपुढे ठेवतो. मात्र तिचा आरंभ करायचा तो आमच्या नायगावातल्या आडापासून.

आजीचा आड

आमच्या वाड्याच्या चौकात एक आड होता. कडेला दगडी डोणी आणि जवळच तुळशीवृंदावन. दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगाचे पाणी त्याच आडाचे. नव्या सुनेने पहिली घागर ओढायची ती त्याच आडावर, आणि बाळंतीण बाहेर आली की हळदकुंकू वाहायचे तेही त्याच आडाला. आजीच्या लेखी तो घरातला एक वडील माणूसच होता.

ह्याच घरात आजीची थोरली लेक, म्हणजे माझी आत्या, वयाच्या नवव्या वर्षी हिवतापाने गेली होती. ती गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी जन्माला येण्याआधीची. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, अंगावर चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत, मग अंगाची लाही होई आणि शेवटी घाम फुटून पोर निपचित पडे. पोटात डाव्या बाजूला पानथरी हाताला लागत होती, असे आजी सांगे. अंगारे झाले, गंडेदोरे झाले, गावच्या वैद्याचा काढा झाला. कोयनेल मिळवायला माणूस नांदेडला धाडला, तो परत येईपर्यंत उशीर झाला होता.

१९५९-६० च्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला तशीच थंडी वाजून आली, तेव्हा आजीच्या तोंडचे पाणी पळाले. पण काळ बदलला होता. राष्ट्रीय हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला होता. पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या मलेरिया कामगाराने भावाच्या बोटाला टाचणी टोचली, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला, गोळ्या दिल्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून ठेवली. भाऊ आठवडाभरात खेळू लागला.

त्याच साली फवारणीवाले आले. घरातले सामान चौकात काढून त्यांनी आतल्या भिंतींवर डी. डी. टी. मारली. जाताना बजावून गेले, "आजी, भिंती सारवू नका, चुना लावू नका. औषध झाकून जाईल." आजीने मान डोलावली. पण दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिला राहवेना. लक्ष्मीपूजनाला पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती? तिने चुन्याची बादली काढलीच! त्या काळी घरोघर हेच चालले होते, आणि फवारणीच्या कार्यक्रमापुढची ती एक मोठी अडचण होती, हे मला फार उशिरा कळले.

चुन्यापर्यंत ठीक होते. पण त्यांतल्या एकाने आडात डोकावून, "ह्याला झाकण घाला," असे म्हणताच आजी उसळली. "आडाचं तोंड बांधायचं? मग घराचंच बांधा की! ज्या पाण्यावर ऊन पडत नाही, चांदणं पडत नाही, ते देवाला चालतं का?" बिचारा गप्प बसला. आडाला झाकण बसले नाही.

आजीचे हे बोलणे मी अडाणीपणाचे समजत होतो. ह्याच तऱ्हेचे बोलणे पन्नास वर्षांपूर्वी मुंबईतल्या शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या घरांतूनही झाले होते, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

वाईट हवेचा आरोप

मुंबई म्हणजे मुळात सात बेटे. भरतीचे पाणी मधल्या खाजणांतून आत शिरे आणि ओहोटीला चिखल मागे राही. इंग्रज येथे आले ते पटापट मरू लागले. दोन पावसाळे काढले की मुंबईतल्या माणसाचे आयुष्य संपले, अशी म्हणच त्यांच्यात पडली होती. दोष कोणाला द्यायचा? त्यांनी तो हवेला दिला. 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियन. त्याचा अर्थ 'वाईट हवा'. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालतात, त्याच्या दुर्गंधीने ताप येतो, असेही साहेबांचे मत होते आणि त्या खतावर त्यांचा फार राग होता.

पुढे अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत वरळी आणि महालक्ष्मीच्या मधला बांध पूर्ण झाला, खाजणे भरत गेली, सात बेटांचे एक बेट झाले. दलदल हटली तर ताप हटायला हवा होता. काही कमी झालाही असेल. पण गेला नाही. उलट, जेथे दलदलीचे नाव नाही अशा कोटातल्या भरवस्तीत, दगडी घरांत तो ठाण मांडून बसला. हे कोडे उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते उलगडण्याची किल्ली सापडली ती आमच्याच सडकेच्या दुसऱ्या टोकाला, सिकंदराबादेत.

एका चाव्याला एक आणा

हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात असतो हे लाव्हरान ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १८८० साली अल्जीरियात दाखविले होते. पण तो एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? अल्मोड्यास जन्मलेला रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर ह्या प्रश्नाच्या मागे लागला होता. सिकंदराबादेत हुसेन खान नावाचा एक रोगी त्याला मिळाला. पाळलेले डास त्याला चावू द्यायचे आणि एका डासाच्या चाव्याला एक आणा द्यायचा, असा सौदा ठरला. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाचे पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना रॉसला तेथे हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. पुढल्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्याने डासामार्फत रोग पसरण्याचे सारे चक्र जुळविले आणि इटलीत ग्रासी वगैरेंनी माणसाचा हिवताप अॅनॉफिलीस जातीच्या डासामुळेच पसरतो हे दाखविले. १९०२ मध्ये रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले.

हवा निर्दोष सुटली. आरोपी डास ठरला. पण अॅनॉफिलीसच्या कितीतरी जाती. त्यांतली कोणती जात कोठे वावरते आणि कोणत्या पाण्यात वाढते, हे कळल्याशिवाय लढायचे कोणाशी?

मौज अशी की, मुंबईच्या आरोपीची पहिली ओळखपरेडही आपल्या महाराष्ट्रातच झाली. विदर्भातल्या एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, डब्ल्यू. ग्लेन लिस्टन नावाचा एक डॉक्टर अॅनॉफिलीस डासांच्या सवयी टिपून ठेवीत होता. १९०१ मध्ये त्याने एका नव्या जातीचे वर्णन केले आणि स्टीफेन्स ह्या हिवतापतज्ज्ञाच्या नावावरून तिला 'स्टीफेन्सी' असे नाव दिले. हाच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आला. प्लेगच्या पिसवेवरील कामामुळे त्याचे नाव झाले. आज आपण त्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो.

पोरांची पोटे आणि शहराच्या विहिरी

१९०८ साली मुंबई बंदरात तापाची मोठी साथ आली. अलेक्झांड्रा गोदीचे बांधकाम तेव्हा चालू होते. खणलेले खड्डे, साचलेले पाणी, ठिकठिकाणांहून आलेले मजूर असा सारा सरंजाम होता. लिस्टनने ह्या साथीचा अभ्यास केला, तेव्हा एलिचपूरची जुनी ओळख त्याला पुन्हा भेटली. डास तोच होता, स्टीफेन्सी.

मग सरकारने डॉ. चार्ल्स बेंटली ह्यांच्याकडे साऱ्या शहराची पाहणी सोपविली. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या पाहणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. हिवताप वारंवार झालेल्या मुलाची पानथरी वाढते आणि डाव्या बरगडीखाली बोटांना लागते. म्हणून शाळेत जायचे, मुलांना ओळीने उभे करायचे, प्रत्येकाच्या पोटावर हात ठेवायचा आणि शंभरांत किती जणांची पानथरी वाढलेली आहे ते मोजायचे. ना रक्त काढावे लागते, ना यंत्र लागते. नुसत्या बोटांनी साऱ्या वस्तीची तब्येत कळते. आमच्या आजीला जी गाठ लेकीच्या पोटात लागली होती, तीच डॉक्टर लोक शाळाशाळांतून मोजीत होते.

एका हाताने मुलांची पोटे तपासायची आणि दुसऱ्या हाताने पाणी. गटारे, डबकी, हौद, कारंजी, विहिरी सारे पाहायचे. अळी कोठे सापडते ते लिहायचे. अळीवरूनही जात ओळखता येते. साध्या डासाची अळी पाण्यात डोके खाली करून तिरकी लोंबकळते. अॅनॉफिलीसची अळी मात्र पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, गवताची काडी तरंगावी तशी आडवी पडून राहते.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. मुंबईचा हिवताप दलदलीचा नव्हता, खाजणाचा नव्हता, गटाराचाही नव्हता. हा डास मोठा सोवळा! घाण पाण्यापेक्षा त्याला स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी आवडते. आणि तसे पाणी होते ते घराघरांतल्या विहिरींत. जेथे घरोघर विहिरी, त्या कोटाच्या उत्तर भागासारख्या वस्त्यांत तापाचा जोर. मग घर कितीही मोठे असो, भिंती कितीही दगडी असोत. रोग बाहेरून येत नव्हता. तो चौकातच वाढत होता, आणि रोज सकाळी लोक त्याला फूल वाहत होते.

विहिरींचे देव

बेंटलींचा निष्कर्ष सरळ होता. विहार तलावाचे पाणी मुंबईला १८६० पासून मिळत होते, १८७९ मध्ये तुळशीचे आले, १८९२ मध्ये तानशाचे आले. नळ असताना विहिरी कशाला? बुजवून टाका, नाही तर डास शिरणार नाही अशा झाका.

कागदावर हे किती सोपे दिसते! पालिकेच्या नोटिसा निघाल्या आणि एकच गहजब झाला. विहीर म्हणजे काय नुसता पाण्याचा खड्डा? पारशी कुटुंबांच्या धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागे. हिंदूंच्या घरी विहिरीला जलदेवता, विहिरीच्या काठी दीप. कोठे विहिरीत साधुपुरुषाचे वास्तव्य आहे, तिला हात लावला तर घरात अनर्थ होईल, अशी श्रद्धा. क्रॉस मैदानावरची भिखा बेहराम विहीर तर १७२५ पासूनची. भडोचहून मुंबईस येताना मराठ्यांच्या हाती सापडलेल्या आणि सुखरूप सुटलेल्या एका पारशी गृहस्थाने देवाचे उपकार स्मरून ती खणली, अशी परंपरा आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड! अशा विहिरीवर सिमेंटचा थर टाका म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

रुस्तम पेस्तनजी मसानी हे तेव्हा पालिकेच्या सेवेत होते. पुढे ते आयुक्तही झाले. विहिरी बंद करण्याच्या ह्या मोहिमेत लोकांनी सांगितलेल्या कथा, नवस, भुतेखेते आणि देवदेवता ह्यांचा त्यांना असा काही छंद लागला, की १९१८ मध्ये त्यांनी विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक सबंध पुस्तकच लिहिले. सरकारी फायलीतून लोककथांचे पुस्तक निघाल्याचे असे उदाहरण विरळाच.

शेवटी तडजोड निघाली. धर्मासाठी ज्यांना विहीर हवी त्यांनी ती झाकावी. पण झाकणात पाणी काढण्यापुरते दार ठेवावे आणि त्याला बारीक तारेची जाळी बसवावी. पाण्यावर उजेड पडेल, देवही रुसणार नाही आणि डासाला मात्र वाट नाही. पुष्कळ विहिरी बुजल्या, पुष्कळ अशा जाळीखाली गेल्या. आजीच्या तोंडचे 'ऊन आणि चांदणे' मी मुंबईच्या जुन्या हकिगतींत वाचले, तेव्हा मला एकदम हसू आले आणि दुसऱ्याच क्षणी थोडी लाजही वाटली. तिला अडाणी म्हणणारा मी कोण?

विहिरीतून गच्चीवर

इतके झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण १९२८ साली मेजर गॉर्डन कव्हेल ह्यांना मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी करावी लागली, ह्यातच सारे आले. विहिरी बुजल्या, तसा डास वर चढला होता. नळाला पाणी दिवसभर नसे, म्हणून लोकांनी गच्चीवर टाक्या बांधल्या होत्या. गिरण्यांच्या छपरांवर टाक्या होत्या. बागांतून हौद होते, कारंजी होती. एक झाकण तुटले, एक नळी गळू लागली, एक टाकी विसरली गेली, की स्टीफेन्सीचा संसार सुरू! उबदार पाण्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून मुंबईत एक शिस्त आली. टाकीचे झाकण डासाला फट मिळणार नाही असे घट्ट हवे, आणि तपासनिसाला वर चढता यावे म्हणून टाकीला शिडी हवी. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ३८१ क्रमांकाच्या कलमाखाली, डासांना आसरा देणाऱ्या घरमालकाला आजही नोटीस निघते. नायगावच्या गच्चीवर १९७२ साली मी पाहिलेला तो डाववाला माणूस ह्याच परंपरेतला होता. बेंटली, कव्हेल ही नावे त्याला ठाऊक असतील-नसतील. त्यांचे काम मात्र तो दर आठवड्याला करीत होता.

आता दोन नायगावांतला फरक पाहा. आमच्याकडचा मुख्य आरोपी दुसरा, 'क्युलिसिफेसीज' नावाचा डास. तो शेतांतल्या पाटांत, ओढ्यानदीच्या डबक्यांत वाढतो आणि रक्त पिऊन झाले की घराच्या भिंतीवर विसावतो. त्याच्या पाण्याच्या जागा इतक्या की त्या मोजता येत नाहीत. म्हणून भिंतीवर औषध मारून त्याला गाठायचे. मुंबईचा स्टीफेन्सी वाढतो तो माणसाने बांधलेल्या, मोजता येणाऱ्या जागांत. म्हणून त्याला पाण्यातच गाठायचे. खेड्यात लढाई भिंतीवर, शहरात टाकीवर.

जिंकलेली आणि हरलेली लढाई

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्यात जात, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास आली. माझा धाकटा भाऊ वाचला तो ह्या काळात. आत्या गेली ती त्याच्या आधीच्या. मधे अंतर ते एवढेच.

सगळ्यांना वाटले, हिवताप संपला. तेथेच घात झाला. डास डी. डी. टी.ला सरावले, कामात ढिलाई आली, आणि शहरे तर त्या राष्ट्रीय योजनेत जवळजवळ नव्हतीच. ती आपापल्या पालिकांवर सोपविलेली होती. शहरांतून रोग पुन्हा खेड्यांकडे जातो हे ध्यानात आल्यावर १९७१ मध्ये शहरांसाठी वेगळी योजना निघाली. तरीही १९७६ साली देशात ६४ लाख रोगी नोंदले गेले. त्यांतला एक मी होतो! सुटीला गावी गेलो, आणि आजीसमोरच मला हुडहुडी भरली. तिने गोधडी आणली, आपल्या थरथरत्या हाताने माझ्या डाव्या बरगडीखाली चाचपून पाहिले आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिली. ती काय आठवत होती हे मला विचारावे लागले नाही. आरोग्य केंद्रातल्या गोळ्यांनी मी बरा झालो.

मुंबईनेही पुढे बरेच भोगले. बांधकामे वाढली; स्लॅबवर वाफे करून भरून ठेवलेले पाणी, तळघरांतले पाणी, मजुरांच्या झोपड्यांपुढची पिंपे. १९०८ च्या गोदीचेच चित्र शंभर वर्षांनी पुन्हा उभे राहिले. २०१० साली मुंबईत हिवतापाचे ७६ हजारांवर रोगी झाले आणि १४५ जण दगावले. त्यानंतर पालिकेने कंबर कसली, बांधकामांवरील मजुरांची रक्ततपासणी सुरू केली, तेव्हा रोग पुष्कळ खाली आला.

बेटे दूरची आणि जवळची

बेटांना हा शाप आहे खरा, पण बेटांना एक वरदानही आहे. सभोवार समुद्र असल्यामुळे शत्रूला यायला एकच वाट असते, बंदराची. मॉरिशसचे उदाहरण घ्या. १८३० नंतर कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. त्या बेटावर हिवताप मुळात नव्हता. तो जहाजांबरोबर आला आणि १८६७ च्या साथीत हजारो माणसे गेली. पोर्ट लुई बंदरातून ज्यांना शक्य होते ते क्युरपिपच्या उंच, थंड भागात राहायला गेले. १९०७-०८ मध्ये खुद्द रॉस तेथे गेला आणि त्याने हजारो मुलांच्या पानथऱ्या तपासून पाहणी केली. तरीही बेट रोगमुक्त जाहीर व्हायला १९७३ साल उजाडले. आणि १९७५ च्या वादळानंतर रोग परत आला! पुन्हा वीसेक वर्षे खपावे लागले.

शेजारच्या श्रीलंकेची गोष्ट तर आपल्या काळातली आहे. १९३४-३५ च्या साथीत तेथे सुमारे ऐंशी हजार माणसे मेली. १९६३ साली रोगी उरले सतरा. लोक निर्धास्त झाले, आणि चार-पाच वर्षांत लाखो रोगी झाले. पुन्हा चिकाटीने काम करून सप्टेंबर २०१६ मध्ये देश हिवतापमुक्त ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार ह्या बेटावरच्या गावात एक नवा डास सापडला. कोठे? विहिरीत. कोणता? आपला एलिचपूरचा स्टीफेन्सी! आफ्रिकेतही तो जिबुती बंदरात २०१२ साली उतरला आणि तेथून पुढल्या देशांत शिरला आहे. शंभर वर्षांपूर्वी बेंटलींनी मुंबईत लिहिलेले आज तेथल्या डॉक्टरांना नव्याने वाचावे लागत आहे.

आडात जीव सोडला

आजीच्या आडाचे काय झाले, असे वाचक विचारतील. १९७६ च्या त्या आजारपणात, तपासणीला आलेल्या आरोग्यसेवकाने आडात डोकावले. मी मनात म्हटले, आता पुन्हा भांडण. पण हा गडी शहाणा होता. झाकणाचे नावही न काढता तो म्हणाला, "आजी, तुमच्या आडात मासे सोडू का? गप्पी मासे. बोटाएवढेच असतात. डासाच्या अळ्या खातात. पाण्यावर ऊन पडू द्या, चांदणं पडू द्या."

आजी क्षणभर विचारात पडली. "मासे पाणी बाटवतील?"

"गोदावरीत मासे नाहीत का, आजी?"

तिने मान हलवली. दुसऱ्या खेपेस त्याने डब्यातून आणलेले मासे आडात सोडले. त्या दिवसापासून आजी रोज आडापाशी उभी राहून वाकून पाहत असे आणि शेजारणींना सांगत असे, "आमच्या आडात जीव सोडलाय." ज्या पाण्याने आपली लेक नेली असेल, त्याच पाण्याला ती शेवटपर्यंत कुंकू वाहत होती, पण आता त्यात पहारेकरी होते.

ह्या साऱ्या हकिगतीतून मला जे उमगले ते एवढेच. शास्त्रज्ञाने डास शोधला, डॉक्टरांनी त्याचे पाणी शोधले, कायद्याने कलम लिहिले; पण रोग हटला तो घरातल्या माणसाने आपले पाणी सांभाळले तेथे, आणि सांभाळले तेवढेच दिवस. मुंबईत जाळीच्या झाकणाने जे साधले, नायगावात माशांनी जे साधले, ते नुसत्या हुकुमाने साधले नसते. आणि दोन्हीकडे एका पिढीने जे कमावले ते पुढच्या पिढीने आठवडाभर विसरले की डास परत येतो. तो विसरत नाही.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. वाड्याच्या जागी सिमेंटचे घर आहे, चौकातला आड बुजला आहे आणि गच्चीवर काळी टाकी आली आहे. मुंबईच्या नायगावातल्या चाळींच्या जागीही आता उंच इमारती उठत आहेत. दोन्ही नायगावे पाण्यासाठी गच्चीकडेच पाहतात.

गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. पुतण्या भिंतींना रंग देत होता. मी शिडी लावून वर चढलो, तर टाकीचे झाकण वाऱ्याने सरकलेले. हाताने पाणी हलवून पाहिले. चार-पाच काड्या पाण्यावर आडव्या तरंगत होत्या, आणि बोट लागताच त्या तुरुतुरु पळाल्या. पुतण्याला हाक मारली. दोघांनी मिळून टाकी रिकामी केली, घासली, उन्हात वाळविली आणि झाकणावर तार आवळली.

आपणही ह्या दिवाळीत घर झाडाल, माळे काढाल, भिंती रंगवाल. त्याच हाताने एकदा गच्चीवर जाऊन या. टाकीचे झाकण पाहा. फ्रीजमागची तबकडी, कूलर, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करा. आणि मग दर आठवड्याला एक वार नेमून तेच करीत जा. आमच्या घरी तो वार शनिवार आहे.